लाखाची काच, अर्ध्या मिनिटाचा उजेड

दिवाळी उरकली की बुलडाणा जिल्ह्यात शेतकऱ्याची जागल सुरू होते. सोयाबीन घरात आलेले असते, पण तूर फुला-शेंगांवर असते, हरभरा नुकता वर आलेला असतो. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांत अंधार पडला की रोह्यांचे (नीलगायींचे) कळप आणि रानडुकरे शेतात उतरतात आणि सकाळी शिल्लक राहतो तो तुडवलेला तास. फटाके, डबे, झटका मशीन, साड्यांचे कुंपण सगळे करून झाले की बोलणे बंदुकीवर येते. रोही आणि रानडुक्कर मारायची परवानगी द्या, ही मागणी दर हंगामात होते. ती मान्य झाली तर मारणार कोण आणि कशाने, हा पुढचा प्रश्न. त्यावर ठरलेले उत्तर मिळते : चांगला नेमबाज आणा, चांगली रायफल द्या, तिच्यावर परदेशी भारी दुर्बीण बसवा. मला या उत्तरातल्या शेवटच्या भागाबद्दल बोलायचे आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीत उंची काच असल्याने फरक पडतो का? माझे मत असे की एका मर्यादेपर्यंत पडतो. त्या मर्यादेपुढे या जिल्ह्यात तो जवळजवळ पडत नाही. चांगल्या काचेवर पैसा घालायचाच असेल तर तो बंदुकीवर नव्हे, वनरक्षकाच्या गळ्यातल्या दुर्बिणीवर घालायला हवा.

आधी कायद्याचे एक वाक्य, कारण अनेकांना हा विषयच गैरलागू वाटेल. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्तीने देशात शौकाची शिकार बंद केली आणि ती बंदच राहिली पाहिजे. पण त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये एक वाट आहे. अनुसूची दोनमधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणे नोंदवून त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. 2022च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर याच अनुसूचीत आहेत. म्हणजे गोळी सुटण्याची शक्यता कायद्यातच आहे, आणि शक्यता आहे तिथे साधनाची चर्चा झालीच पाहिजे.

उंची काच म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय तिची किंमत ठरत नाही. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. बंदुकीवरच्या दुर्बिणीत पुढचे भिंग, प्रतिमा सुलटी करणारी मधली भिंगे आणि डोळ्याजवळची भिंगे मिळून असे बरेच पृष्ठभाग येतात. काहीच उपाय केला नाही तर निम्म्याच्या आसपास उजेड आतच हरवायचा. 1935 साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर अतिपातळ लेप देण्याची पद्धत शोधली आणि हे नुकसान घटले. आज अनेक थरांचा लेप दिलेल्या पृष्ठभागावर ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. काचेच्या घडणीचा इतिहास याहून जुना. ऑटो शॉट आणि अर्न्स्ट आबे यांनी 1884 साली येना शहरात काच प्रयोगशाळा काढली आणि वेगवेगळ्या गुणधर्मांच्या काचा एकत्र वापरून प्रतिमेच्या कडेची रंगीत झालर कमी करण्याचा मार्ग मोकळा केला. आजच्या महागड्या दुर्बिणीत जी खास काच असते, तिचे मुख्य काम हीच झालर घालवणे. ही झालर वर्धन वाढते तशी डोळ्यांत भरते. चार-सहा पट वर्धनावर, शेताच्या बांधावरून पाहताना, ती सहसा लक्षातही येत नाही. थोडक्यात, दुकानदार ज्याला काचेचा गुण म्हणतो, तो बहुतेक वेळा लेपाचा गुण असतो. आणि चांगला लेप आता मधल्या किमतीच्या दुर्बिणीतही मिळतो.

तरीही उजेडाचा फरक राहतो, हे मान्य. साध्या पण नीट बनवलेल्या दुर्बिणीतून ऐंशी टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो असे धरू आणि लाखाच्या पुढच्या दुर्बिणीतून नव्वद टक्के. हा दहा टक्क्यांचा फरक संध्याकाळी किती वेळ मिळवून देतो? इथे बुलडाण्याचा भूगोल मध्ये येतो. जिल्हा साडेवीस अक्षांशाच्या आसपास आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे मावळल्यापासून दाट अंधारू लागेपर्यंत जेमतेम बावीस-तेवीस मिनिटे मिळतात. निरभ्र आकाश असेल तर सूर्य बुडताना जमिनीवर सुमारे चारशे लक्स उजेड असतो. या बावीस मिनिटांच्या शेवटी तो तीन-साडेतीन लक्सवर येतो. म्हणजे शंभरपटीहून जास्त घट, सरासरी दर सव्वातीन मिनिटांना उजेड निम्मा. या वेगाने विझणाऱ्या प्रकाशात ऐंशी आणि नव्वद टक्क्यांमधला फरक सुमारे अर्ध्या मिनिटाचा ठरतो. दोन दुर्बिणींतले अंतर याहून मोठे धरले, पंचाहत्तर आणि ब्याण्णव टक्क्यांचे, तरी हिशेब मिनिटभराच्या पुढे जात नाही. जर्मनीत, पन्नास अक्षांशावर, हाच संधिप्रकाश बत्तीस मिनिटांपासून उन्हाळ्यात चाळीसच्या पुढे रेंगाळतो. तिथला शिकारी उंच मचाणावर बसून त्याच वेळेत रानडुकराची वाट पाहतो आणि तिथल्या कारखान्यांनी त्याच्यासाठी छप्पन्न मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाची, आठ पट वर्धनाची दुर्बीण घडवली. तिथे प्रत्येक टक्क्याला मोल आहे. त्या देशाची गरज मोताळ्याच्या शिवारावर जशीच्या तशी लादण्यात शहाणपण नाही. इथे रोही येतात ते बहुधा या बावीस मिनिटांनंतर, आणि ताऱ्यांच्या उजेडात जगातली कोणतीही काच कामाची नाही.

शिवाय उजेड मिळवायचा याहून सोपा आणि फुकट उपाय दुर्बिणीवरच असतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या रुंदीचा प्रकाशाचा गोल डोळ्यावर पडतो. तीन ते नऊ पट वर्धनाची, चाळीस मिलिमीटरची दुर्बीण नऊवर ठेवली तर हा गोल साडेचार मिलिमीटरपेक्षाही लहान येतो. सहावर आणली तर साडेसहाच्या पुढे जातो. अंधारात बाहुली तेवढी उघडत असेल, तर केवळ कडे फिरवल्याने डोळ्याला दुपटीहून जास्त प्रकाश मिळतो. वर्धन घटल्याने बारकावा थोडा कमी होतो हे खरे, पण उंची काच जे दहा-बारा टक्के देते त्याच्याशी या दुपटीची तुलनाच नको. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर ती साधारण पाचच्या आसपास थांबते. जागलीला बसणारा शेतकरी बहुतेक गावांत आता पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडेच असतो, कारण पोरे पुण्या-मुंबईला गेली. त्याच्या डोळ्यासमोर सात मिलिमीटरचा गोल देणारी महागडी दुर्बीण धरली तर त्यातला जवळपास अर्धा प्रकाश बाहुलीच्या बाहेरच पडून वाया जातो.

जाणकार इथे एक रास्त आक्षेप घेतील. ते म्हणतील, प्रकाशाची टक्केवारी मोजून काचेची परीक्षा होत नाही. खरा फरक काळ्या-पांढऱ्यातल्या स्पष्टपणाचा असतो. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पश्चिमेचे आकाश अजून तांबूस आहे, तुरीचे वावर त्या आकाशाखाली काळे पडले आहे आणि त्या काळ्या पट्ट्यात काहीतरी हलते आहे. अशा वेळी स्वस्तातल्या दुर्बिणीत आकाशाचा उजेड आतल्या नळीच्या भिंतीवर आपटून पसरतो आणि सगळ्या चित्रावर दुधट पडदा येतो. चांगल्या दुर्बिणीत काळे काळेच राहते. हा गुण खरा आहे. तो बाजारातल्या सगळ्यात स्वस्त मालात मिळत नाही, म्हणून तो माल घेऊच नये. पण तो गुण लेप, आतला काळा रंग आणि नळीतले अडथळे नीट बसवण्यातून येतो आणि मधल्या किमतीच्या प्रामाणिक मालात तो पुरेसा असतो. त्यापुढच्या दरेक हजार रुपयांत मिळणारी सुधारणा झपाट्याने आटत जाते. त्यापेक्षा आपल्याकडच्या हवेत दुसरी गोष्ट निर्णायक ठरते : नळी वायूने भरून हवाबंद केलेली आहे की नाही. जुलै ते ऑक्टोबरच्या दमट हवेत नीट बंद न केलेल्या दुर्बिणीच्या आत वाफ धरते, मग बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि ते लेप खातात. काच कितीही उंची असली तरी एका पावसाळ्यात ती अधू होऊ शकते.

दुसरा आक्षेप करुणेच्या बाजूने येतो आणि म्हणून त्याला जास्त जपून उत्तर द्यायला हवे. जनावर मारायचेच तर एका गोळीत, तडफड न होता मरावे. त्यासाठी उत्तमातली उत्तम दुर्बीण द्यायला नको का? जखमी रानडुक्कर माणसावर उलटते, किंवा दोन शिवारे पलीकडे जाऊन दोन दिवसांनी मरते, ही भीती खरी आहे. पण जखमी होण्याचे कारण काचेत सापडत नाही. तुरीच्या किंवा मक्याच्या वावरात अंतर पन्नास-साठ मीटरच्या आतले असते. निरोगी डोळा चांगल्या उजेडात पन्नास मीटरवरचा दीड सेंटिमीटरचा तपशील नुसताच ओळखतो. चार पट वर्धनावर तो चार मिलिमीटरच्या आसपास येतो. रानडुकराचा मर्मस्थळाचा भाग याच्या कितीतरी पट मोठा आहे. तिथे गोळी न लागण्याची कारणे वेगळीच असतात : हात कच्चा, सराव नाही, जनावर पळत असताना घाई, किंवा धक्क्याने दुर्बिणीची बैठक हललेली आणि निशाणा सरकलेला. जिम कॉर्बेट यांची ओळख बनलेली .275 रिग्बी रायफल दुर्बिणीविनाच होती. आजही गावाकडे परवान्याची बंदूक असलीच तर ती बहुधा बारा बोअरची असते आणि तिच्यावर दुर्बीण नसतेच. करुणा हवी असेल तर परवानगी घेणाऱ्याची नेमबाजीची चाचणी सक्तीची करा, अंतराची मर्यादा घाला, उजेड गेल्यावर गोळी नको असे स्पष्ट लिहा.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख आहे तिथे येतो. गोळी लागते की नाही हा प्रश्न नंतरचा. समोर आहे ते काय, हा पहिला. ज्ञानगंगा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेतला हा पट्टा अस्वलांचा आहे. अस्वल अनुसूची एकमध्ये आहे आणि पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारण्याची परवानगी कोणालाही मिळू शकत नाही. संध्याकाळच्या तुरीत अस्वल आणि मोठे रानडुक्कर दोन्ही बुटक्या, काळ्या, हलत्या आकृती असतात. डुकराचे डोके पाचरीसारखे पुढे निमुळते, मानेपासून पाठीवर राठ केसांची रेघ, शेपटी दिसली तर शंकाच नको. अस्वलाची लव लांब आणि विस्कटलेली, खांदा उंच, मुस्कट फिकट आणि समोरून उभे राहिले तर छातीवर पांढुरकी व्ही-आकाराची खूण. फिकट मुस्कट दिसले की नाही, यावर एका संरक्षित जनावराचा जीव आणि एका शेतकऱ्याचा तुरुंग ठरतो. चिंकारा किंवा काळवीट मादी आणि रोह्याचे वासरू यांच्यातही अर्धवट उजेडात अशीच गफलत होऊ शकते. आणि सर्वांत भयंकर गफलत माणसाची. 2025च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली आणि तो मेला. ती शिकार बेकायदा होती; पण अंधारात आकृती ओळखण्याची चूक परवानगीच्या कागदाने टळत नाही.

मग ओळखीसाठीच बंदुकीवर भारी दुर्बीण हवी, असे कोणी म्हणेल. नेमके हेच करू नये. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून शोध घ्यायचा म्हणजे जे दिसेल त्याच्यावर भरलेली नळी रोखायची. बांधावरून घरी निघालेली बाई, शेळ्यांमागचे पोर, शेजारच्या जागलीतला म्हातारा, कोणीही त्या वर्तुळात येऊ शकतो. पाहण्याचे साधन आणि मारण्याचे साधन वेगळे असले पाहिजे, एवढ्याच नियमाने कित्येक जीव वाचतील. त्यात शरीरशास्त्रही हातच्या दुर्बिणीच्या बाजूने आहे. एका डोळ्याऐवजी दोन डोळ्यांनी पाहिले की फिकट-गडदातला सूक्ष्म फरक ओळखण्याची क्षमता सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते. महागड्या काचेने दिलेल्या दहा-बारा टक्के प्रकाशापुढे हा लाभ कितीतरी मोठा आहे आणि तो दहा-पंधरा हजार रुपयांच्या आठ पट वर्धनाच्या, बेचाळीस मिलिमीटरच्या हातदुर्बिणीतून मिळतो. त्या दुर्बिणीत मात्र काचेवर थोडा जास्त खर्च झाला तरी मी त्याची बाजू घेईन. बंदुकीची दुर्बीण पाच-दहा सेकंद डोळ्याला लागते, हातदुर्बीण तासन् तास. निकृष्ट भिंगांनी तासाभरात डोके दुखायला लागते आणि माणूस ती गळ्यातून काढून ठेवतो. लोणारच्या सरोवरावर पक्ष्यांची मोजदाद करणाऱ्याला, ज्ञानगंगेत अस्वलाच्या माद्या आणि पिल्ले नोंदवणाऱ्याला, अंबाबरवाच्या सातपुड्याच्या उतारावर पलीकडची बाजू न्याहाळणाऱ्याला काचेचा प्रत्येक गुण रोज उपयोगी पडतो.

रात्रीचे काय, हा शेवटचा आक्षेप उरतो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत जड आहे. जनावर रात्री येते आणि तुम्ही संध्याकाळचा हिशेब सांगता, असे तो म्हणेल. रात्रीचे उत्तर काचेत नाहीच. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा काळोखातही जनावर दाखवतो. पण त्याच्या भिंगाला दुर्बिणीची नेहमीची काच चालत नाही, कारण ती काच उष्णतेच्या त्या लहरी अडवते. तिथे जर्मेनियमचे भिंग लागते. म्हणजे उंची काचेची सगळी बढाई तिथे संपते. आणि थर्मल कॅमेऱ्यात ऊबदार ठिपका दिसतो. तो डुकराचा की अस्वलाचा, हे दुरून खात्रीने सांगणे अवघड असते. म्हणून त्याचा उपयोग कळप कुठून येतो, कुठल्या नाल्याने परत जातो, हे शोधण्यासाठी करावा; गोळीसाठी नको. 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात नरभक्षक ठरवलेली टी-1 वाघीण मारली गेली, तेव्हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असा ठपका ठेवला. तेव्हाही वाद अंधाराचा, बेशुद्धीच्या प्रयत्नाचा आणि नियमांचा होता. दुर्बिणीत काच कोणत्या कंपनीची होती हे कोणालाही विचारावेसे वाटले नाही.

शेतकऱ्याचा संताप मी कमी लेखत नाही. एका रात्रीत गेलेला हरभरा भरपाईच्या अर्जाने त्याच वर्षी उभा राहत नाही. म्हणूनच परवानगी द्यायची तर ती अशी द्यावी की तिच्यातून नवे दुःख निघू नये. वनविभागाने ज्ञानगंगेच्या कडेच्या प्रत्येक बीटवर एक चांगली, हवाबंद, आठ बाय बेचाळीसची हातदुर्बीण द्यावी आणि ती कार्यालयाच्या कपाटात न ठेवता वनरक्षकाच्या ताब्यात ठेवावी. कलम 11 खालच्या प्रत्येक परवानगीत एक अट घालावी : गोळीपूर्वी वनरक्षकाने हातदुर्बिणीतून जनावर ओळखून वेळेसह लेखी नोंद करावी आणि सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी बंदूक खाली ठेवावी. परवाना असलेल्या शेतकऱ्यांनीही रायफलवरच्या महागड्या दुर्बिणीचा विचार सोडून आधी गावात दोन-चार हातदुर्बिणी एकत्र वर्गणीने घ्याव्यात. यंदाच्या रब्बीआधी जिल्हा नियोजनातून हा खर्च मंजूर व्हावा, अशी मागणी ग्रामसभांनी ठराव करून करावी.